मीठ बघून सांग

३ मार्च

ताई,

नमस्कार. फोनवर मला रडू येतं आणि तुझ्यामागे नेहमी कोणीतरी भांडी आपटत असतं, म्हणून लिहिते.

आज मुंगीने भोपळा खाल्ला नाही.

तू म्हणशील, यात लिहिण्यासारखं काय आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज पोरांची उष्टी ताटं बघणाऱ्या बाईला यात काही वाटायचं नाही. पण ही पोर काहीही खाते हे तुला माहीत आहे. जिथे काही सांडेल तिथे ही हजर, म्हणून तूच तिचं नाव मुंगी ठेवलंस. साडेतीन वर्षांत तिने कशाला नाही म्हणून म्हटलं नाही. वांगं खाल्लं, पालक खाल्ला, एकदा साबण खाल्ला. मी भरवायचे आणि मनात म्हणायचे, हिच्यात टिल्लूचं काहीच कसं उतरलं नाही. नाक यांचं, केस सासूबाईंचे. भावाचं म्हणावं असं एक नखही नाही.

आज मी वाटी पुढे ठेवली आणि तिने ती मनगटाच्या मागच्या बाजूने हळूच लांब सारली. ओठ आत घेतले, मान भिंतीकडे वळवली. ताई, माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. तो अगदी अस्साच करायचा, तू पाहिलं आहेस. हिला हे कोणी दाखवलं? दाखवणारा तर ही जन्मायच्या आधीच गेला.

मी हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे. तिला उचलून घेतलं, तिचे पटापट पापे घेतले. ती आधी घाबरली, मग तीही हसायला लागली. तेवढ्यात हे काचा बसवायचं काम आटोपून आले आणि दारातच थांबले. मी म्हटलं, "अहो, हिला भोपळा आवडत नाही." ते म्हणाले, "बरं." एवढंच बोलून हात धुवायला गेले. पुरुषांना काही सांगून उपयोग नाही.

माझं पडदे शिवायचं काम बरं चाललं आहे. तुझा ताप उतरला का? कळव.

तुझी धाकटी


१५ मार्च

धाकटे,

आशीर्वाद. ताप उतरला. थोडा अशक्तपणा आहे, पण मला अशक्त म्हणायची आमच्या स्वयंपाकघरात कोणाची छाती नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू हसलीस हे वाचून मला बरं वाटलं, अगदी मनापासून. पण थोरली आहे, म्हणून पुढचंही लिहिते, रागावू नकोस.

अगं, या वयात सगळीच मुलं असं करतात. दर वर्षी आमच्या बालवर्गात नवीन पोरं येतात आणि दर वर्षी तोच तमाशा. काल मिटक्या मारत खाल्लेलं आज बघवत नाही. एकाला हिरवं नको, एकाला भाताला वाटाणा लागलेला चालत नाही, एक चिमुरड्या बाई तर पावाच्या कडा खिशात भरून घरी नेतात. मनगटाने वाटी सारणारे मी आजवर किती पाहिले असतील याची गणती नाही. आणि तीच पोरं दुसरी-तिसरीत गेली की "मावशी, अजून वाढा" म्हणत माझ्या पातेल्यात डोकावतात. जीभ मोठी होते गं, पायांसारखीच.

तू एवढंच कर. भोपळा करत राहा. एखादी फोड तिच्या ताटात ठेव, खा म्हणून मागे लागू नकोस आणि नाही खाल्ला म्हणून कौतुकही करू नकोस. आपोआप खाईल. यात टिल्लूला शोधू नकोस. ती मुंगी आहे, तिला मुंगीच राहू दे.

आमच्याकडे परवा सूप खारट झालं म्हणून मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हल्लीच्या मिठातच काहीतरी गडबड आहे, दुसरं काय.

तुझी ताई


२८ मार्च

ताई,

तू तीनशे मुलांसाठी शिजवतेस. मी एकासाठी शिजवत होते.

तुझ्या तीनशे मुलांचं मला ठाऊक नाही. माझं एकच होतं आणि ते कसं वाटी सारायचं ते मला ठाऊक आहे. सगळीच मुलं तशी करतात असं तू लिहिलंस. म्हणजे त्याचं म्हणून जे माझ्यापाशी उरलं होतं तेही त्याचं नव्हतं, सगळ्यांचंच होतं, असंच ना? त्याचे कपडे सासूबाईंनी मला न विचारता देऊन टाकले. फोटोत तो कधी नीट आला नाही, सारखा हलायचा. आता एवढं एक आपणहून घरी आलं, तर तू म्हणतेस, त्याकडे बघू नकोस.

मी भोपळा करणार नाही. आवडत नाही तिला. त्यालाही आवडत नव्हता. या घरात तो आता शिजणार नाही आणि त्यावाचून कोणाचं काही अडत नाही.

तुझं पत्र यांना दाखवलं नाही.

धाकटी


९ नोव्हेंबर

धाकटे,

दीड वर्ष होऊन गेलं. माझी दोन पत्रं तुझ्याकडे पोचली असणार, कारण परत आलेली नाहीत. फोनवर तू "बरं आहे, बरं आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. तुझ्या 'बरं आहे'ला मी लहानपणापासून ओळखते. पाय मोडला तेव्हाही तू तेच म्हणाली होतीस.

मी चुकले. जे लिहिलं ते खोटं नव्हतं, पण ते त्या दिवशी लिहायचं नव्हतं. तू माझ्याकडे आनंद घेऊन आलीस आणि मी तुला बालवर्गाचं गणित शिकवत बसले. मला मूल नाही, म्हणून मला सगळ्या मुलांचं कळतं आणि एकाचं कळत नाही, असं समज.

टिल्लू माझ्याकडे आला होता तेव्हाचं आठवतं? भोपळा संपवला म्हणून मी त्याला शाबासकी दिली, आणि संध्याकाळी चपलेत पाय घातला तर सगळा भोपळा तिथे. मी ओरडले तर म्हणतो, "मावशी, चपलेला भूक लागली होती." ती चप्पल मी टाकली नाही. तुला कधी सांगितलं नव्हतं.

मुंगीला पाच पूर्ण झाली असतील. तिला एकदा पाठव. नाहीतर तू ये. मी काही शिकवणार नाही, तोंडाला कुलूप.

माझं ठीक. चाखून बघायचं काम आता मदतनीस बाईंवर सोपवलं आहे. मोठ्या माणसाने हुकूम सोडावेत आणि स्टुलावर बसावं.

तुझी ताई


२० जानेवारी

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. बसले की हात चालायचा नाही, आणि हा हा म्हणता त्यालाही वर्ष उलटून गेलं. चपलेचं वाचून मात्र मी तुझ्यावरचा राग तिथेच टाकला.

आज घाईत लिहिते. एका दुकानाची काच बसवताना यांची शिडी सरकली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, महिनाभर तरी इस्पितळात. माझे दिवस तिथेच जातात. मुंगीला शेजारी किती दिवस ठेवायची? शेजारीण चांगली आहे, पण तिचीच तीन आहेत. मुंगीला तुझ्याकडे पाठवते आहे. यांचा मोठा भाऊ रविवारी तिला गाडीने तुझ्याकडे सोडेल. तुमच्या शाळेत पहिलीच्या वर्गात बसू देतील का ते विचार.

तिचं काही अवघड नाही. सकाळी दूध पिते, साय काढून. भात, बटाटा, पाव, गाजर, सगळं खाते. भोपळा, वांगं आणि अंड्यातलं पिवळं खात नाही. भोपळा तर समोर आलेलाही चालत नाही. टिल्लूचं जे जे नको होतं ते ते हिचं नको आहे, ताई. एकही गोष्ट इकडची तिकडे नाही. आता तिला सातवं लागलं आहे. तो एवढा झालाच नाही. पण तिच्याकडे बघितलं की वाटतं, झाला असता तर असाच बसला असता, असाच मान फिरवून.

तू म्हणाली होतीस मोठी झाली की जातं. गेलं नाही. हे मी तुला टोचायला लिहीत नाही.

तिला भोपळा देऊ नकोस. तुला माझी शपथ आहे.

धाकटी


२ फेब्रुवारी

धाकटे,

तुझी मुंगी आली. स्टेशनवरून घरी येईपर्यंत तिने मला तुमच्या गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांची माहिती दिली. पहिलीच्या बाईंनी तिला वर्गात बसवून घेतलं. दुपारी सुटली की माझ्याकडे स्वयंपाकघरात येते आणि स्टुलावर बसून सगळ्यांवर देखरेख करते. माझी जागा गेली.

नवऱ्याला सांग, हाड जुळायला वेळ लागतो, उगाच उठायची घाई करू नका. काचा कुठे पळून जात नाहीत.

तुझी शपथ माझ्या लक्षात आहे. खाण्यापिण्याची काळजी करू नकोस. खाली तिने स्वतः लिहिलं आहे, मी एक अक्षरही सांगितलेलं नाही.

तुझी ताई

आई मी मजेत आहे. बाबांचा पाय दुखतो का. मावशीकडे खूप मोठं पातेलं आहे त्यात मी मावते. मी भोपळा खात नाही. वर्गात एका मुलाचा दात पडला. मी भोपळा खात नाही आई. मुंगी


११ फेब्रुवारी

ताई,

मुंगीचं पत्र यांच्या खाटेशी बसून मोठ्याने वाचलं. वॉर्डातल्या नर्सबाईसुद्धा हसल्या. मी यांना म्हटलं, बघा, एवढ्या लांब जाऊनही तिचं नाही ते नाहीच. हे तोंड भिंतीकडे करून पडून राहिले. पाय ठणकत असणार, सांगत नाहीत. नंतर म्हणाले, "तिला लवकर आण." पोरीवर जीव आहे त्यांचा. दर रविवारी तिला सायकलवर बसवून आपल्या काचांच्या दुकानात घेऊन जातात, दोघं दुपारीच परततात. आता रविवार आला की त्यांना चैन पडत नाही.

ते पत्र मी पर्समध्ये ठेवलं आहे. कंटाळा आला की काढून वाचते.

धाकटी


१९ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र एकटी असताना वाच. नवऱ्याजवळ बसून मोठ्याने वाचू नकोस. वाचून झालं की मला शिव्या दे, मी ऐकून घेईन, पण पुन्हा दीड वर्ष गप्प बसू नकोस. तेवढं माझ्याच्याने आता होणार नाही.

आधी माझं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या तापानंतर माझी चव गेली. जरा कमी झाली असं नाही, गेलीच. मीठ, साखर, आंबट, सगळं सारखंच, कोमट पाणी गिळल्यासारखं. मी कोणाला सांगितलं नाही. स्वयंपाकीण बाईला चव कळत नाही म्हटल्यावर तिला कोण ठेवील? मदतनीस बाई चाखून सांगायच्या आणि मी मीठ टाकायचे, असं चाललं होतं. मुंगी आली त्या आठवड्यात त्या बाई रजेवर गेल्या. मी मुंगीला म्हटलं, "मीठ बघून सांग." तिला काम फार आवडलं. सूप बघायची, बटाटे बघायची, जीभ टाळ्याला लावून डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. तिचा निकाल एकदाही चुकला नाही.

मागच्या मंगळवारी शाळेत भोपळा होता. तो महिन्यातून एकदाच असतो. मला तुझी शपथ आठवली, म्हणून मी तिला बोलावलं नाही, अंदाजाने मीठ टाकलं. ती आपणहून आली. म्हणाली, "मावशी, आज मीठ कोण बघणार?" मी म्हटलं, आज भोपळा आहे, तुला आवडत नाही, राहू दे. तिने टाचा उंचावून पातेल्यात डोकावलं. मग म्हणाली, "नुसतं मीठ बघते. खाणार नाही."

मी वाटीत चमचाभर दिला. तिने चाखला, म्हणाली, "कमी आहे." मी मीठ टाकायला वळले. परत बघते तर पोरगी वाटी भरून घेऊन खाली बसली होती आणि खात होती. नुसतं खात नव्हती गं. आमची तिसरीतली पोरं खेळून आल्यावर जशी खातात तशी, मान खाली घालून, वाटीला बोट फिरवून. संपवलं आणि वर बघितलं. मला वाटलं, ओशाळेल. तर तिने फ्रॉकला तोंड पुसलं आणि म्हणाली, "आईला सांगू नकोस. मला आवडतो हे तिला माहीत नाही."

नाही सांगणार म्हटलं आणि विचारलं, कधीपासून. तिला ते नीट सांगता येईना. लहान होते तेव्हा खरंच नव्हता आवडत, म्हणाली. मग आवडायला लागला. मी विचारलं, मग आईपुढे वाटी का सारतेस? तिने तिचं उत्तर सांगितलं, ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण मला त्यात काही घालता येत नाही आणि काढताही येत नाही. म्हणाली, "मी असं केलं की आई हसते. दादासारखं केलं की हसते. दुसऱ्या कशाला हसत नाही."

वांगंही आवडतं तिला, आणि अंड्याचं पिवळंही. रविवारी तुझा नवरा तिला दुकानात नेतो ना, तो दुकानाजवळच्या खाणावळीत तिला हे सगळं पोटभर खाऊ घालतो आणि येताना नळावर तोंड धुवायला लावतो. त्याला बोलू नकोस. तो भिंतीकडे तोंड करून का पडला ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. बापाने आणि लेकीने मिळून तुझं हसू सांभाळलं आहे, त्यांना जसं जमलं तसं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं कदाचित.

पण तिला आत्ता कुठे सातवं लागलं आहे, धाकटे. तिने मला विचारलं, "मावशी, दादाएवढी असेपर्यंत ठीक होतं. आता मी त्याच्यापेक्षा मोठी झाले. मोठी झाल्यावर खाल्लं तर चालेल का, की कधीच नाही?" मी पातेलं ढवळत राहिले. डोळ्यांतलं पाणी त्यात पडलं असेल तर ते खारट झालं की नाही हेही मला कळलं नसतं.

तुझ्यावर रागवायला मी हे लिहीत नाही. मी फार विचार केला. टिल्लूला भोपळा आवडत नव्हता असं आपण म्हणतो. तो पाच वर्षांचा होता गं. आवडत नव्हता हे खरं आहे, पण ते त्या वयाचं खरं आहे. दुसरीत गेला असता, खेळून घामाघूम होऊन आला असता आणि तुझ्याकडे वाटी पुढे करून अजून दे म्हणाला असता. ते व्हायचं राहून गेलं. त्याची आवड बदलायची राहून गेली. माझ्या समोरून तीनशे पोरं बदलत पुढे जातात तेव्हा दर वर्षी एकदा तरी मला हे आठवतं, आणि मी स्टोअरच्या खोलीत जाऊन बसते. तुला वाटतं मला सगळ्या मुलांचंच कळतं. त्याचंही कळतं.

मी तुझी शपथ मोडली, आणि तिला दिलेलं वचनही मोडलं. दोन्ही एकाच पत्रात. शनिवारी तिला घेऊन येते. तिला यातलं काही ठाऊक नाही.

तुझी ताई


१४ मार्च

ताई,

तू त्या शनिवारी तिला सोडून लगेचच्या गाडीने गेलीस. जेवायलाही थांबली नाहीस. मी थांब म्हटलं नाही, हेही खरं. तुझ्याकडे बघवत नव्हतं मला.

यांना मी काही बोलले नाही. कुबड्या घेऊन घरात फिरायला लागले आहेत. एक दिवस मीच म्हटलं, "खाणावळीतलं वांगं बरं असतं का?" त्यांनी कुबड्या बाजूला ठेवल्या. मग डोळ्यांवर हात ठेवून रडले. टिल्लू गेला तेव्हाही माझ्यासमोर रडले नव्हते.

भोपळा घरात आणायला मला एवढे दिवस लागले. बाजारात जायची, हातात घ्यायची, ठेवून यायची. परवा आणला. कापला. भोपळा हा भोपळाच असतो. शिजवला. मुंगी शाळेतून आली, वास आला तशी दारातच थांबली. मी ताट वाढलं, वाटी ठेवली. तिने माझ्याकडे बघितलं, मग वाटीकडे, आणि मनगटाच्या मागच्या बाजूने ती हळूच लांब सारली. ओठ आत, मान भिंतीकडे. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून ती माझं तोंड बघत होती. ताई, ती इतकी वर्षं माझं तोंड बघत होती आणि मी तिची मान बघत होते.

तुझंच वाक्य आठवलं. म्हटलं, "मुंगी, मला सर्दी झाली आहे. मीठ बघून सांग."

तिने वाटी पुन्हा जवळ ओढली. मग चमचा घेतला. डोळे मिटले. "कमी आहे," म्हणाली. मी म्हटलं, आता टाकून काय उपयोग, असाच चालेल का? ती म्हणाली, "चालेल." आणि खायला लागली. एक घास खायची आणि वर बघायची, मी हसते का ते. मी हसले. जेवढं येत होतं तेवढं हसले. दुसऱ्या घासानंतर तिने वर बघणं बंद केलं.

वाटीला बोट फिरवून झाल्यावर तिने विचारलं, "दादाला आवडला असता?" मी म्हटलं, हो, आवडला असता, तो आता केवढा मोठा झाला असता. ती उठून खेळायला गेली. मी तिथेच बसले होते. टिल्लू गेला त्याला किती वर्षं झाली ते तुला माहीत आहे. मला विचारशील तर तो परवा दुपारी गेला, वाटी रिकामी झाली तेव्हा. तोवर मी त्याला रोज ताटावर बसवत होते, हिच्या जागी.

हे खोलीत झोपले होते. मी दार लावून घेतलं आणि तू स्टोअरच्या खोलीत बसतेस तशी बसले.

तुझ्या जिभेचं डॉक्टरांना दाखव. एवढं मनात ठेवून मला हसवत राहिलीस, त्याबद्दल तुझ्याशी वेगळं भांडायचं आहे. सुट्टी लागली की ये, महिनाभर राहा. मुंगी म्हणते, मावशीला कामाला माणूस लागतं, मी बघून सांगेन.

पातेल्यात थोडा उरला होता. मुंगी खेळायला गेल्यावर मी तो खाल्ला, इतक्या वर्षांनी. मीठ खरंच कमी होतं.

तुझी धाकटी